हिफ-१ अल्फाचा बँड: बडोद्यातल्या प्रयोगशाळेच्या प्रकल्प नोंदी

या नोंदी माझ्या कामाच्या वहीतून उतरवल्या आहेत. काम सांगायला एका ओळीचं: हेला पेशींमधला (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी कर्करोगाच्या पेशी) हिफ-१ अल्फा हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच ठरावीक जागेला पकडणारी) वापरून वेस्टर्न ब्लॉटवर दाखवायचा, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून, मेम्ब्रेनवर उतरवून, हवं ते अँटिबॉडीने एका पट्ट्यासारखं, बँडसारखं, उठवायचं. पेशीला ऑक्सिजन कमी पडला की हे प्रथिन साठतं, केंद्रकात जातं आणि कितीतरी जीन चालू करतं. ऑक्सिजन पुरेसा असला की पेशी ते मिनिटांत तोडून टाकते. ही दोन वाक्यं मी पहिल्या दिवसापासून पाठ म्हणत होते. तरी बँड दिसायला साडेसहा आठवडे गेले, कारण मधे कुठे काय चुकतंय हे पाठांतरातून कळत नाही. आमच्यासारख्याच लहान प्रयोगशाळेत कोणी हे काम हाती घेणार असेल, तर त्याचे तेवढे आठवडे वाचावेत म्हणून चुकांसकट लिहिते आहे.

४ जून

अँटिबॉडी आली. ऑर्डर दिल्यापासून सात आठवडे लागले. उंदराची, आयजीजी-२बी या प्रकारची, एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, १०० मायक्रोलिटर. करासकट ४८ हजार रुपये. मानवी हिफ-१ अल्फाचा अमिनो आम्ल ४३२ ते ५२८ हा तुकडा देऊन बनवलेला क्लोन आहे. हा तुकडा मी मुद्दाम पाहून निवडला. ऑक्सिजन असताना हे प्रथिन तोडण्यासाठी त्यातल्या ज्या दोन प्रोलिनवर (एक अमिनो आम्ल) खूण होते, ती ४०२ आणि ५६४ या जागांवर आहेत, म्हणजे दोन्ही या तुकड्याच्या बाहेर. खूण झाली काय, न झाली काय, अँटिबॉडीला बसायची जागा तीच राहावी असा हिशोब होता.

खोका उघडला तेव्हा जेल पॅक पार वितळलेले होते. बडोद्यात आज ४२ अंश. पार्सल दोन दिवस कुठल्यातरी गोदामात पडून होतं असं पावतीवरच्या तारखांवरून दिसतं. मॅडम म्हणाल्या, "अँटिबॉडी इतकी नाजूक नसते गं, वापरून बघ." माझ्या मनात मात्र शंका बसली ती बसलीच, आणि पुढचे तीन आठवडे तिनेच खाल्ले.

दहा-दहा मायक्रोलिटरचे दहा वाटे करून उणे २०ला ठेवले. हे मात्र पहिल्याच दिवशी बरोबर केलं. एकच बाटली रोज काढून परत गोठवत बसू नका.

११ जून, ब्लॉट १

हेला पेशी (पुण्याच्या एनसीसीएस या पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या), १० सेंटिमीटरच्या दोन डिश. एक तशीच, दुसरीत कोबाल्ट क्लोराइड १५० मायक्रोमोलर, चार तास. आमच्याकडे कमी ऑक्सिजनचा इनक्युबेटर नाही, म्हणून कोबाल्ट. हिफवर खूण करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, कोबाल्ट तिथे खोडा घालतो आणि प्रथिन साठतं.

पेशी ट्रिप्सिन या एन्झाइमने डिशपासून सोडवल्या, फिरवून खाली बसवल्या, दोनदा पीबीएस या मिठाच्या द्रावणाने धुतल्या, पेशी फोडणाऱ्या रिपा बफरमध्ये अर्धा तास बर्फावर. ८ टक्क्यांचं जेल, ३० मायक्रोग्रॅम प्रति लेन (जेलमधला एका नमुन्याचा रकाना), १०० व्होल्टवर एक तास मेम्ब्रेनवर ट्रान्सफर. पॉन्सो एस हा प्रथिनांचा रंग लावल्यावर लेन सुरेख दिसल्या. अँटिबॉडी १ला ५००, म्हणजे ५०० पट पातळ, पाच मिली, रात्रभर थंड खोलीत.

ब्लॉटवरचा उजेड टिपणारी फिल्म कोरी. पाच मिनिटं ठेवून पाहिली, मग अर्धा तास. कोरीच.

१४ जून, ब्लॉट २

तेच सगळं पुन्हा, ५० मायक्रोग्रॅम प्रति लेन. कोरी. आणखी १० मायक्रोलिटर अँटिबॉडी संपली. एका ब्लॉटला ४,८०० रुपयांची नुसती अँटिबॉडी जाते हा हिशोब आज पहिल्यांदा केला. ऑर्डर देतानाच करायला हवा होता.

१७ जून

अँटिबॉडी जिवंत आहे का पाहायचं ठरवलं. मेम्ब्रेनच्या तुकड्यावर तिचा एक मायक्रोलिटरचा ठिपका दिला, वाळवला, ब्लॉक केला, मग सेकंडरी, म्हणजे पहिल्या अँटिबॉडीला (प्रायमरीला) पकडणारी, एचआरपी हे एन्झाइम लावलेली दुसरी अँटिबॉडी, मग ईसीएल, म्हणजे एचआरपी लागलं की उजेड देणारं द्रावण. अंधार. ठिपका दिसलाच नाही.

मी लगेच निष्कर्ष काढला की अँटिबॉडी मेली. संध्याकाळी विक्रेत्याला मोठं पत्र लिहिलं: वितळलेले जेल पॅक, दोन ब्लॉट वाया, ठिपकासुद्धा आला नाही, बदलून द्या. सोबत फोटो जोडले.

२३ जून

दांडिया बाजारातून येणारी आमची सीनियर ताई रजेवरून परत आली. वही वाचता वाचता १७ जूनच्या नोंदीवर थांबली. म्हणाली, "ठिपक्यात तू प्रायमरी कुठे तपासलीस? तिथे तर ती ढीगभर होती. तिला पकडतं कोण, सेकंडरी. ठिपका आला नाही तर संशय सेकंडरीवर घ्यायचा."

अगदी खरं होतं. मेम्ब्रेनवर नुसता उंदराचा आयजीजी ठेवला आणि उंदराविरुद्धची सेकंडरी लावली, तर काहीही झालं तरी उजेड पडायला हवा. प्रायमरी अर्धी मेलेली असली तरी पडायला हवा. मी चाचणी योग्य केली होती, वाचली उलटी.

दोघी डार्करूममध्ये गेलो. दोन छोट्या ट्यूबमध्ये २०० मायक्रोलिटर ईसीएल घेतलं. एकीत फ्रिजमधल्या तयार सेकंडरीचे दहा मायक्रोलिटर घातले. काही नाही. दुसरीत ताईने मूळ बाटलीतली न पातळ केलेली सेकंडरी पिपेटच्या टोकाने जेमतेम बुडवली. ट्यूबच्या तळाशी निळा उजेड पेटला आणि हलवताच सगळीकडे पसरला. दिवा बंद, दार बंद, आणि त्या निळ्या उजेडात ताईच्या हातमोज्यावरची सुरकुतीसुद्धा दिसत होती. मी दोन वर्षं ईसीएल वापरते आहे, पण डोळ्यांनी उजेड पाहिला तो त्या दिवशी.

मग फ्रिजमधल्या बाटलीचं लेबल नीट वाचलं: "१:५०००, बीएसए १ टक्का, अझाइड ०.०२ टक्के." टिकावी म्हणून कोणीतरी त्यात सोडियम अझाइड घालून ठेवलं होतं. अझाइड एचआरपीला बंद पाडतं. प्रायमरीत चालतं, कारण ती धुऊन टाकतो. एचआरपी लावलेल्या सेकंडरीत अजिबात नाही.

बाटली ओतून दिली. लाल पेनने "सेकंडरीत अझाइड नको" अशी चिठ्ठी लिहून फ्रिजच्या दाराला लावली. ही निळ्या उजेडाची तपासणी कोणताही ब्लॉट कोरा आला की सगळ्यात आधी करा. दोन मिनिटं लागतात, खर्च काही नाही.

२८ जून, ब्लॉट ३

बँड आला! १०० किलोडाल्टनच्या (प्रथिनाचं वजन मोजायचं माप) थोडा खाली, स्वच्छ. मी मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी फिल्म खिडकीसमोर धरली आणि विचारलं, "कोबाल्टची लेन कुठली?"

दोन्ही लेनमध्ये सारखाच बँड होता. हिफ असता तर कोबाल्ट नसलेल्या डिशमध्ये जवळजवळ नसायला हवा होता. शिवाय अमिनो आम्लांच्या हिशोबाने हिफ-१ अल्फा ९३ किलोडाल्टनच्या आसपास असलं, तरी जेलवर ते ११० ते १२०ला धावतं. मी हिशोबाचा आकडा डोक्यात धरून बसले होते, म्हणून ९५चा बँड पाहून आनंद झाला. हे दुसरंच कुठलंतरी प्रथिन आहे. या बँडला आम्ही "खालचा" म्हणू लागलो. तो प्रत्येक ब्लॉटवर येतो. तुमच्याकडेही तुमचा एक खालचा असेल, त्याला लवकर ओळखून ठेवा.

५ जुलै, ब्लॉट ४

जेल जास्त वेळ चालवलं म्हणजे १००च्या वरचा भाग मोकळा होईल. झाला. खालचा आहे, वर काही नाही.

आज बर्फ करायचं मशीन बंद. प्रयोगशाळेतले काका खंडेराव मार्केटच्या बाजूने बर्फाची लादी घेऊन आले, पोत्यात घालून हातोडीने फोडली. त्या मोठ्या खड्यांत ट्यूब उभ्या केल्या, पण ट्यूबला बर्फ टेकतो तो एखाद-दुसऱ्या बाजूनेच. तासाभराने काकाच म्हणाले, "बेन, पाणी नाखो अंदर." थोडं पाणी ओतलं आणि ट्यूब एका मिनिटात गार पडल्या. लादीचा बर्फ असेल तर नेहमी बर्फाचा चिखल करून घ्या.

८ जुलै

कोबाल्टचा साठा संपत आला म्हणून नवा करायला घेतला आणि बाटली उघडून थबकले. स्फटिक डाळिंबाच्या दाण्यासारखे गडद गुलाबी. कोरडं कोबाल्ट क्लोराइड निळं असतं. गुलाबी म्हणजे पाणी धरलेलं, हेक्साहायड्रेट. लेबलवरही तसंच छापलेलं होतं, रेणुभार २३७.९. माझ्या वहीत हिशोब १२९.८ धरून केलेला.

म्हणजे १०० मिलिमोलर म्हणून केलेला साठा खरा साडेचोपन्न मिलिमोलरचा होता, आणि पेशींना १५० ऐवजी ८२ मायक्रोमोलर मिळत होतं. चार आठवडे. नवा साठा: १० मिली पाण्यात २३७.९ मिलिग्रॅम, गाळून घेतला. १० मिली माध्यमाला (पेशी ज्यात वाढतात तो द्रव) १५ मायक्रोलिटर. हातमोजे घाला, उरलेलं माध्यम सिंकमध्ये ओतू नका, आमच्याकडे त्याची वेगळी बाटली आहे.

१२ जुलै, ब्लॉट ५

कोबाल्टच्या लेनमध्ये ११५च्या आसपास धुरकट सावली. दहा मिनिटांच्या फिल्मवर दिसते, दोन मिनिटांच्या फिल्मवर नाही. ताई म्हणते, "आहे." मॅडम म्हणतात, "असेलही." मला त्या सावलीवर काहीही उभारायचं नाही. अर्धी अँटिबॉडी संपली.

१५ जुलै

आज प्रयोग केला नाही. घड्याळ घेऊन बसले आणि माझी स्वतःची पद्धत पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरड्या हाताने करून वेळा लिहिल्या. इनक्युबेटरमधून डिश काढणं, माध्यम ओतणं, पीबीएसने धुणं: २ मिनिटं. ट्रिप्सिन घालून परत ३७ अंशांना: ४ मिनिटं. माध्यम घालून पेशी गोळा करणं: २. सेंट्रिफ्यूजपर्यंत चालत जाणं, समोरच्याचं फिरणं संपायची वाट, मग माझं फिरणं: ९. दोनदा धुणं, मधे पुन्हा फिरवणं: ८. मग रिपा.

बेरीज पंचवीस मिनिटं. यातला बराचसा वेळ पेशी जिवंत, उबदार, ऑक्सिजनने भरलेल्या द्रवात, आणि त्यात कोबाल्ट नाही. ऑक्सिजन मिळाल्यावर हिफ-१ अल्फाचं अर्धं आयुष्य पाच मिनिटांच्या आसपास. चार तास मी पेशींकडून ते प्रथिन साठवून घेत होते आणि मग पंचवीस मिनिटं त्यांनाच ते तोडायला देत होते.

वहीचं ते पान मी दुपारभर पुन्हा पुन्हा वाचत राहिले. अँटिबॉडी पहिल्या दिवसापासून ठीक होती. तिला पकडायला मी काही शिल्लकच ठेवत नव्हते. विक्रेत्याला त्याच दिवशी पत्र लिहिलं की १७ जूनची तक्रार मागे घेते, चूक आमच्या सेकंडरीत आणि आमच्या हाताळणीत होती. त्यांनी तोवर बदली बाटली पाठवायची तयारी दाखवली होती, ती नको म्हणून कळवलं.

१९ जुलै, ब्लॉट ६

एकाच दिवशी पसरलेल्या चार डिश. दोन कोबाल्टच्या, दोन साध्या. प्रत्येकातली एक जुन्या पद्धतीने, ट्रिप्सिन लावून. दुसरी नव्या पद्धतीने, ती अशी:

१ टक्का एसडीएस (पेशी फोडून प्रथिनं उलगडणारा साबणासारखा पदार्थ), १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, हे बफर ड्राय बाथवर ९५ अंशांना गरम ठेवलेलं. इनक्युबेटरच्या शेजारच्या टेबलावर बर्फाचा चिखल, त्यावर सपाट पत्रा. डिश काढली, पत्र्यावर ठेवली, माध्यम ओतलं, गार पीबीएस एकदाच ओतून टाकलं, लगेच ४०० मायक्रोलिटर गरम बफर, आणि स्क्रेपरने खरवडून ट्यूबमध्ये. ट्यूब पाच मिनिटं ९५ला. दार उघडल्यापासून एसडीएस पडेपर्यंत २८ सेकंद. ताई घड्याळ धरून मोठ्याने सेकंद मोजत होती.

खरवडल्यावर ट्यूबमध्ये शेवग्याच्या शेंगेतल्या गरासारखा चिकट लगदा येतो. तो डीएनए. तसाच जेलमध्ये घातला तर तो विहिरीतून, म्हणजे नमुना भरायच्या खाचेतून, दोरीसारखा वर येतो आणि शेजारच्या लेनमध्ये पडतो. २६ नंबरच्या सुईतून दहा-बारा वेळा ओढून-सोडून पातळ केला, तेव्हा कुठे पिपेटमध्ये नीट येऊ लागला.

या बफरमध्ये डीटीटी, म्हणजे प्रथिनातले गंधकाचे बंध तोडणारं रसायन, मुद्दाम घातलेलं नाही. एसडीएस असलं तरी बीसीए या रंगाच्या चाचणीने प्रथिन मोजता येतं, डीटीटी असलं तर येत नाही. आधी मोजायचं, मग डीटीटी आणि निळा रंग घालायचा.

अँटिबॉडी वाचवायचा उपायही आजच केला. मेम्ब्रेन ७० ते १५० किलोडाल्टनच्या मधलीच पट्टी राहील अशी कापली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तीन मिली द्रवासह सील केली. चकलीची पाकिटं बंद करायला घरी आईने आणलेलं सीलिंग मशीन कामाला आलं. १ला १००० पातळ केली, म्हणजे तीन मायक्रोलिटर, १,४४० रुपये. पिशवीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर तिथे गोल पांढरा डाग पडतो.

रात्री साडेआठला डार्करूममध्ये गेले. एक मिनिटाची फिल्म. डेव्हलपरमध्ये ती धरून हलवत असताना लाल दिव्याखाली आधी खालचा दिसला, चारही लेनमध्ये. मग त्याच्या वर, १०० आणि १३०च्या खुणांच्या मधे, एकाच लेनमध्ये काळं काहीतरी उमटायला लागलं आणि उमटतच राहिलं. रुंद, कडेला किंचित पसरलेलं. कोबाल्ट, गरम एसडीएस. शेजारच्या कोबाल्ट-ट्रिप्सिनच्या लेनमध्ये तीच ती धुरकट सावली.

फिक्सरमध्ये टाकून बाहेर आले. सगळे गेले होते. काका दार लावायला थांबले होते, त्यांना दाखवलं. त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरून विचारलं, "आ एक ज काळो?" मी म्हटलं, हो काका, हा एकच काळा यायला हवा होता.

२६ जुलै

काम नाही. दोन दिवस पाऊस, विश्वामित्रीला पाणी चढलं, पुलाकडचा रस्ता बंद. पेशींना कोणी माध्यम बदललं नाही.

१ ऑगस्ट, ब्लॉट ८

नवी अडचण. साध्या, कोबाल्ट नसलेल्या डिशमध्येही हिफचा बँड. फिका, पण नक्की तोच, खालचा नव्हे. ब्लॉट ७ला असा नव्हता.

दोन दिवस मी दूषित साठा, चुकीची लेबलं, सांडलेली लेन असं सगळं शोधत राहिले. मग डिशचे फोटो पाहिले. पावसात राहिलेल्या पेशी वाढून डिश गच्च भरली होती, पेशीला पेशी चिकटलेली, आणि मी वरून १५ मिली माध्यम घातलं होतं. ऑक्सिजनला माध्यमातून खालपर्यंत झिरपायला वेळ लागतो. माध्यम जितकं खोल आणि पेशी जितक्या दाट, तितका तळाशी तो कमी पडतो. त्या पेशींना खरंच गुदमरायला झालं होतं. अँटिबॉडी खरं तेच सांगत होती.

आता नियम: डिश ६० ते ७० टक्के भरलेली असतानाच वापरायची, १० सेंटिमीटरच्या डिशला ८ मिलीच माध्यम, आणि प्रयोगाआधी दोन तास ताजं माध्यम. ब्लॉट ९ला साधी लेन स्वच्छ आली.

मधल्या काळात पीबीएसने धुणं अजिबात वगळून पाहिलं, आणखी पाच सेकंद वाचावेत म्हणून. करू नका. सीरमचं अल्ब्युमिन मागे राहतं, ६६ला लेन फुगते आणि बीसीए खोटा मोठा आकडा दाखवतं, त्यामुळे पेशींचं प्रथिन कमी भरलं जातं. एकदा झटकन धुवाच.

२१ ऑगस्ट, ब्लॉट १०

हा बँड हिफ-१ अल्फाचाच कशावरून? कोबाल्टने वाढतो एवढं पुरत नाही, कोबाल्टने पेशीत दुसरीही प्रथिनं वाढतात. म्हणून एसआयआरएनए, म्हणजे ठरावीक प्रथिन बनणंच थांबवणारे छोटे आरएनए. हिफ-१ अल्फाविरुद्धचा एक आणि काहीच न ओळखणारा एक, ५० नॅनोमोलर, ४८ तास, शेवटचे चार तास कोबाल्ट.

पहिला प्रयत्न वाया गेला. ट्रान्सफेक्शनच्या वेळी, म्हणजे हे आरएनए पेशींत सोडताना, माध्यमात अँटिबायोटिक राहिलं आणि निम्म्या पेशी तरंगल्या. दुसऱ्या वेळी अँटिबायोटिक काढलं. वरचा बँड जवळजवळ पुसला गेला, खालचा जसाच्या तसा, आणि तुलनेसाठीचं ट्युब्युलिन हे प्रथिन सगळ्या लेनमध्ये सारखंच. वरचा आपला, खालचा आपला नाही, हे आता फिल्मवर दिसतं. माझ्या मते हा ब्लॉट पहिल्या महिन्यातच करायला हवा. एसआयआरएनए महाग म्हणून मी तो शेवटी ठेवला होता. दोन्ही मिळून २२ हजार गेले. त्याच्या आधी वाया गेलेल्या पाच ब्लॉटची नुसती अँटिबॉडी २४ हजारांची होती.

२ सप्टेंबर

आमच्या गणपतीच्या आरतीला सगळी प्रयोगशाळा आली होती. मॅडमनी तिथेच सांगितलं की ओळखीच्या एका गटाकडचं ॲक्रिलिकचं हायपॉक्सिया चेंबर, म्हणजे कमी ऑक्सिजनची पेटी, आठवडाभर मिळतंय. कोबाल्ट ही नक्कल आहे. खरा कमी ऑक्सिजन एकदा तरी दाखवायला हवा, असं त्या जूनपासून म्हणत होत्या.

मिश्र वायूचं सिलिंडर (१ टक्का ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन) मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून आणायचं. भाडं, अनामत, रेग्युलेटर आणि टेम्पो धरून ९ हजार.

११ सप्टेंबर, ब्लॉट १३

चेंबरमध्ये सहा डिश, आत पाण्याची एक उघडी डिश, नाहीतर माध्यम सुकतं. वायू पाच मिनिटं सोडला, क्लिप लावली. तासाभराने पुन्हा सोडला, कारण माध्यमात आधीच विरघळलेला ऑक्सिजन हळूहळू बाहेर येत राहतो. मग चार तास बंद.

चेंबर उघडलं की सगळ्या डिशना एकदम हवा लागते. शेवटच्या डिशपर्यंत पोचेपर्यंत तिचा हिफ गेलेला असणार. जी गोष्ट जुलैमध्ये आडवी आली होती, तीच या वेळी मोजायची ठरवली. कामं वाटून घेतली. ताईकडे घड्याळ आणि माध्यम ओतणं, माझ्याकडे गरम एसडीएस, नव्या मुलाकडे खरवडणं. माध्यमाची बाटली आधीच उघडून ठेवलेली, ट्यूबवर वेळा लिहिलेल्या, आदल्या दिवशी रिकाम्या डिशवर दोनदा तालीम केलेली.

क्लिप काढली. पहिल्या डिशवर एसडीएस पडलं ते १९व्या सेकंदाला. बाकीच्या डिशमध्ये लगेच ऑक्सिजन भरलेलं उबदार माध्यम घालून त्या नेहमीच्या इनक्युबेटरमध्ये ठेवल्या. २ मिनिटं, ५, १०, २०. सहावी डिश चेंबरमध्ये कधीच न गेलेल्या डिशबरोबर तुलनेला ठेवणार होतो, ती गडबडीत नव्या मुलाच्या हातून उलटली. तो फार हिरमुसला. मी त्याला जूनमधली वही दाखवली.

फिल्म ३० सेकंदांची. शून्याच्या लेनमधला बँड कोबाल्टच्याही दुप्पट दाट. दोन मिनिटांचा जरा उतरलेला. पाच मिनिटांचा निम्म्याहून कमी. दहाचा पुसट रेघ. वीसच्या लेनमध्ये वर काही नाही, फक्त खालचा, बाकी लेनइतकाच.

मॅडमनी फिल्म बराच वेळ धरून ठेवली आणि विचारलं, "तुझी ट्रिप्सिनची पद्धत किती मिनिटांची होती?" पंचवीस, मी म्हटलं. त्यांनी पेन घेऊन वीसच्या लेनच्या उजवीकडे, मोकळ्या जागेत, एक छोटी रेघ मारली आणि खाली लिहिलं "जून".

अँटिबॉडीचे दोन भरलेले वाटे आणि एक अर्धा शिल्लक आहे. ते नव्या मुलाच्या नावावर लावले. त्याला हेच प्रथिन काचेवर, केंद्रकात दाखवायचं आहे. सोमवारी सकाळी तो फॉर्मल्डिहाइड ताजं करणार आहे, आणि डिशवर ते किती सेकंदांत पडतं हे त्याने आत्ताच रिकाम्या डिशवर मोजायला घेतलं आहे.